कुलथे सरांच्या युक्त्या

कुलथे सर कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि डब्यांची झाकणं उघडून बघायचे. घरातली बाई ओशाळून पदर सावरत उभी राहायची. सर तांदळाच्या डब्यात हात घालायचे, मूठभर तांदूळ उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "कडुनिंबाचा पाला टाकला नाहीत वाटतं." मग मिठाची बरणी. "ओल धरलीय. तांदळाचे चार दाणे टाका बरं यात. साधी गोष्ट आहे हो, पण करतं कोण?"

हे 'करतं कोण' ते इतक्या व्याकूळ होऊन म्हणायचे, की समोरच्या बाईला वाटावं, हा माणूस पहाटे उठून स्वतः तूरडाळीला एरंडेल चोळत असणार. मी श्रीरामपुरात त्यांच्या समोरच्या घरात अकरा वर्षं राहिले आणि त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवलं. या अकरा वर्षांत सरांनी स्वतःच्या हातानं माठातून पेलाभर पाणी काढून घेतलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

सर चित्रकला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे टेबलावर एक तांब्या ठेवायचे, "छायाप्रकाश दाखवा" म्हणायचे आणि खुर्चीत बसून लिहायला लागायचे. वर्गात मुलं तांब्या काढायची आणि सर गावातल्या साप्ताहिकाचं आपलं सदर. 'संसारातल्या युक्त्या' असं त्याचं नाव. दर शनिवारी चौथ्या पानावर, डाव्या हाताला, सरांच्या फोटोसकट. फोटोतही ते कुणाला तरी काहीतरी बजावत असल्यासारखे दिसायचे. नव्वदच्या दशकात आमच्या गावात घरोघरी टीव्ही होता, पण बायकांसाठी सल्ले देणारा हक्काचा माणूस एकच. एस.टी. स्टँडवर बायका त्यांना थांबवून विचारायच्या, "सर, कोथिंबीर पिवळी पडतीय हो." सर डोळे मिटून उत्तर द्यायचे. डोळे मिटायचं कारण मला पुढे कळलं. ते आठवत असायचे.

आठवत असायचे ते बायकोचं बोलणं. सुमनताईचं माहेर पुणतांब्याकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. बुटकी, काळीसावळी, सतत हात चालू असलेली बाई. संध्याकाळी सर व्हरांड्यात लोखंडी खुर्चीवर बसायचे, मांडीवर पॅड घ्यायचे, आणि ती खाली बसून मेथी निवडत असायची. माझं स्वयंपाकघर बरोबर समोर असल्यानं मला सगळं ऐकू यायचं.

"हां, सांग. शाईचा डाग."

"दह्यात भिजवून ठिवायचा. आन मंग—"

"आणि. आन नाही, आणि."

"आणि मंग मीठ चोळायचं. लई नाय, चिमटीभर. उन्हात वाळवायचं न्हाई हां, डाग पक्का हुतो."

"होतो."

"व्हय, तेच."

"तेच नाही सुमन. भाषा म्हणजे माणसाचा आरसा असतो." आणि मग ते लिहायचे: 'वाचक भगिनींनो, वस्त्रावरील शाईचा डाग ही प्रत्येक गृहिणीची व्यथा. माझ्या दीर्घ अनुभवावरून सांगतो...'

दीर्घ अनुभव! या माणसानं उभ्या आयुष्यात एक रुमाल धुतला नव्हता.

मी एकदा सुमनताईला म्हणाले, "ताई, सगळं तुमचं, आणि नाव त्यांचं. तुम्हाला काही वाटत नाही?" ती भांडी विसळता विसळता हसली. "नाव कुनाचं का असंना. बायांचं काम हलकं हुतंय ना? बास झालं." मी गप्प बसले. खरं तर गप्प बसायची माझी सवय जुनीच. सदराची प्रत छापायला जाण्याआधी सर मला शुद्धलेखन तपासायला द्यायचे. मीच त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायचे, आणि 'दीर्घ अनुभव'मधली ऱ्हस्व 'दि' दीर्घ करून द्यायचे. तेव्हा या प्रकरणात मी अगदीच सोवळी नव्हते.

सरांना माझ्या घरात यायला संकोच वाटायचा. आम्ही ख्रिस्ती. पण सल्ला द्यायचा मोह संकोचापेक्षा मोठा. डिसेंबर लागला की दारातूनच सुरू व्हायचे, "साळवे बाई, तुमच्यात केक करतात ना? अंडी फेटताना लिंबाची साल किसून टाका. वास जातो."

"मला वास येत नाही, सर."

"तुम्हाला सवय झालेली असते," असं म्हणून ते मोठ्या समजुतीनं मान हलवायचे. पुढे तोच केक सुमनताई पदराआडून घेऊन जायची आणि सर त्याचे दोन तुकडे खायचे. तेव्हा वासाचा विषय निघायचा नाही.

एकदा सुमनताई भावाच्या घरी लग्नाला पंधरा दिवस गेली. तेव्हा सरांवर स्वतःच्या डोक्यानं लिहायची पाळी आली. उन्हाळ्याचे दिवस, साखरेला मुंग्या. सुमनताई साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकायची. सरांना एवढंच आठवत होतं की काहीतरी उग्र वासाचं टाकतात. त्यांनी लिहिलं, कापूर. 'किलोभर साखरेस कापराच्या चार वड्या. मुंगी फिरकणार नाही.'

मुंगी फिरकली नाही हे खरं. पण पुढच्या आठवड्यात मी जिथे गेले तिथे चहाला कापराचा वास. मुख्याध्यापकांच्या घरी चहा प्यायला बसलो तर आरतीला बसल्यासारखं वाटत होतं. कुणी काही बोलेना. शेवटी शाळेतली शिपाई कडूबाई, जिला कुणाचा धाक नव्हता, तिनं स्टाफरूममध्ये सरांना गाठलं. "सर, साखर सगळी वाया गेली माझी. पोरं च्या पिईनात. तुमच्या घरी घालून बघितला व्हता का कापूर?"

सर एक क्षणही गोंधळले नाहीत. "कापूर शुद्ध होता का? हल्ली बाजारात भेसळीचा मिळतो. शुद्ध कापराला असा वास येत नाही." आणि पुढच्या शनिवारी त्यांनी सदरात भेसळीवर लेख लिहिला. माफीचा शब्द नाही. सुमनताई परत आल्यावर तिनं कडूबाईला आपल्या डब्यातली साखर नेऊन दिली. बदल्यात कापराची घेऊन आली आणि ती ओट्याखाली मुंग्यांच्या वाटेवर टाकून संपवली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं, तेव्हाची गोष्ट तर मी अजून सांगत असते. विषय होता 'स्वयंपाकघरातली सुरक्षितता'. सर पाऊण तास बोलले. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी खरोखरीचा कुकर टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "याची वाफ कडेनं जाते, शिट्टीच होत नाही. जरा बघता का?" सरांनी झाकण हातात घेतलं. ते तिरकं करून आत घालावं लागतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते वरून दाबलं, गोल फिरवलं, उलटं करून पाहिलं, ठोकलं. सत्तर-ऐंशी बायका बघत होत्या. सर घामाघूम. शेवटी म्हणाले, "कंपनीचा दोष आहे. बदलून घ्या." मागच्या रांगेतून सुमनताई उठली, पुढे आली, झाकण एका हातानं आत सरकवून बसवलं, परत काढलं, रिंग बोटांनी चाचपली आणि हळूच म्हणाली, "रिंग सैल झालीय. थंड पान्यात ठिवा अर्धा तास. तरीबी न्हाई झालं तर नवी टाका." टाळ्या पडल्या. सरांनी त्या टाळ्यांना मान लववून नमस्कार केला.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. गावात असा एखादा माणूस असतोच. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

सुमनताईला साखर होती. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी सरांनी त्या बंद केल्या. "गोळ्यांची शरीराला सवय लागते," हे त्यांचं शास्त्र. त्याऐवजी कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे आणि पहाटे दवावर अनवाणी चालणं. यातलं अनवाणी चालणं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि त्यावर दोन शनिवार लिहिलंही होतं. स्वतः ते बूट-मोजे घालून शाळेत यायचे. पहाटे कालव्याच्या कडेनं अनवाणी चालायची ती सुमनताई, आणि सर बुटांत तिच्या पुढे.

त्या हिवाळ्यात तिच्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला. तिला कळलंही नाही. पाय बधिरच झाले होते. चार दिवसांनी घोट्यापर्यंत सूज आली तेव्हा सरांनी हळद-तेल लावलं. म्हणजे तिला लावायला सांगितलं. मग कडुनिंबाचा पाला वाटून. मग कसलीशी राख. ती लंगडत स्वयंपाक करत होती, आणि मी विचारलं की म्हणायची, "जरा काटा मोडलाय. दुखत न्हाई वो काही."

एके दिवशी सकाळी मी वाटीभर विरजण मागायला गेले. ती बादलीत पाय बुडवून बसली होती. तिनं पाय वर काढला आणि मला वास आला. मी विज्ञान शिकवते; तो वास कशाचा हे मला कुणी सांगायला नको होतं. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं.

"सर कुठेत?"

"साळंत."

"त्यांनी बघितलं?"

"रोज बघत्यात. म्हनत्यात, उतार पडतोय." थोडं थांबून ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊ म्हनलं व्हतं मी. तर म्हनले, अख्खं गाव माझ्याकडं सल्ला मागायला येतंय आन माझीच बायको दवाखान्यात बसली तर लोक काय म्हनतील?"

मी शाळेत निरोप धाडला की आज येत नाही, रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन गेले. रिक्षात ती सारखी म्हणत होती, "कनिक मळून ठिवलीय, तशीच राहिली."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टी सोडली, काळी बोटं दाबून पाहिली. मग विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" सुमनताईनं माझ्याकडे बघितलं. तिला त्या वेळीसुद्धा नवऱ्याचं नाव सांगायचं नव्हतं. दुपारी सर आले, इस्त्रीचा झब्बा, काखेत पॅड. डॉक्टरांना म्हणाले, "हळदीनं जखम वरून सुकत आली होती, डॉक्टर. आणखी चार दिवस दिले असते तर—"

"वरून सुकत होती," डॉक्टर म्हणाले. "आतून कुजत होती. आणखी चार दिवस दिले असते तर मी गुडघ्यापासून पाय काढला असता. आता बोटांवर भागेल. सही करा."

सरांनी सही केली. ती सही मात्र सुरेख होती, वळणदार. मग मला व्हरांड्यात बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "साळवे बाई, एक विनंती. शाळेत सांगताना पाय मुरगळला म्हणा. उगीच चर्चा नको."

आत त्यांच्या बायकोची दोन बोटं कापायची तयारी चालली होती. आणि मी, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, काय सांगितलं? पाय मुरगळला म्हणून सांगितलं. सरांबद्दल मला जो तिटकारा आहे, त्यातला थोडा त्या दिवसाचा माझ्या वाट्याला येतो आणि तो मी नाकारत नाही.

सुमनताई तीन आठवड्यांनी घरी आली. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला रोज पाय कसे बघायचे ते समजावलं होतं: बोटांच्या बेचक्यात बघायचं, तळवा आरशात बघायचा, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, गोळी चुकवायची नाही. ते ती माझ्याजवळ शाळकरी मुलीसारखं घोकून म्हणून दाखवायची. व्हरांड्यात सर ऐकत असायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी स्टाफरूममध्ये साप्ताहिक आलं. मराठीच्या बाई म्हणाल्या, "कुलथे सरांनी काय सुंदर लिहिलंय हो. डोळ्यांत पाणी आलं." शीर्षक होतं, 'मधुमेहींनो, पाय जपा'. बोटांची बेचकी, तळव्याखाली आरसा, सगळं सिस्टरचं, शब्दाला शब्द. या वेळी त्यांनी मला तपासायला दिलं नव्हतं. का, ते पुढे वाचलं तेव्हा कळलं. 'माझ्या पाहण्यातील एका अशिक्षित भगिनीने अनवाणी चालण्याचा हट्ट धरला, जखमेकडे दुर्लक्ष केले आणि घरगुती उपायांवर विसंबून वैद्यकीय मदत टाळली. परिणामी तिला दोन बोटे गमवावी लागली. अज्ञान हाच खरा रोग.'

मी तो अंक घडी करून पर्समध्ये टाकला. वाटेत दोनदा वाटलं, नको दाखवायला, बाई आत्ताच उभी राहतेय. पण एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जमलं नाही. सर ट्यूशनला गेलेले बघून मी तो तिच्या हातात ठेवला.

तिनं ओळीखाली बोट ठेवून वाचलं. सावकाश, ओठ हलवत. 'हट्ट' शब्दावर बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"साळवे बाई, भगिनी म्हंजी बहीन ना?"

"हो."

"मंग बायको का न्हाई लिवलं?"

तिला उत्तर नकोच होतं. तिनं अंक नीट घडी करून शेल्फवर सरांच्या बाकीच्या कात्रणांत ठेवला आणि कुकर लावायला उठली.

त्या संध्याकाळी सर नेहमीप्रमाणे व्हरांड्यात पॅड घेऊन बसले. ती शेजारी स्टुलावर बसून गवार मोडत होती.

"हां, सुमन, सांग. पापड सादळू नयेत म्हणून तू काय करतेस?"

ती मोडत राहिली.

"सुमन, मी काय विचारतोय?"

"मी अशिक्षित बाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला काय ठावं?"

सर हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं, गव्हात सोंडे झाले तर काय? "मला काय ठावं." तिसऱ्या दिवशी रागावले, चौथ्या दिवशी समजूत घातली, "अगं, लेखनात उदाहरण द्यावं लागतं, ते काय मनावर घ्यायचं?" ती घरातलं सगळं करत होती, त्यांचं ताट वाढत होती, पाणी देत होती. फक्त सांगत नव्हती. तीस वर्षांत त्यांनी तिचं बोलणं फक्त ऐकायचं आणि सुधारायचं काम केलं होतं. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. उठून आत गेले असते, ती काय करते ते नुसतं उभं राहून पाहिलं असतं तरी निभलं असतं. पण आत जायचं त्यांना सुचलंच नाही.

मग ते माझ्या दाराशी आले. "साळवे बाई, तुम्ही पापड कशात ठेवता?"

"डब्यात," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या एका वागण्याचं मला आजही समाधान आहे.

सदर आधी जुन्या लेखांवर चाललं. एका वाचक बाईनं पत्र लिहून विचारलं की शाईचा डाग तिसऱ्यांदा कसा पडला? पावसाळा संपता संपता साप्ताहिकानं ती जागा राशिभविष्याला दिली. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मीच थांबलो. लोकांना आता काही शिकायचंच नाही."

दिवाळीनंतर सुमनताईची मुलगी वैशाली कर्जतहून आली. आईला घेऊन जायला आली होती, बाळंतपणाचं निमित्त होतं. पण सुमनताईनं नेसणीच्या सगळ्या साड्या भरल्या तेव्हाच मला कळलं. रिक्षा दारात उभी. सर व्हरांड्यातून मुलीला आईचं पथ्य सांगत होते. भात किती, फळं कुठली, फिरणं केव्हा. वैशाली म्हणाली, "बाबा, ती बॅग जरा उचलता का?" सरांनी इकडेतिकडे पाहिलं, बॅग उचलायला कुणी आहे का म्हणून. मी रस्ता ओलांडून गेले आणि बॅग रिक्षात ठेवली. सुमनताई पुढे बघत बसली होती. पायांत कापडी बूट होते, दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या. ती परत आली नाही. पुढे मला एक पोस्टकार्ड आलं, मोठ्या वाकड्या अक्षरात: गोळी चालू हाय, पाय बरा हाय, नातीला मीच न्हाऊ घालते.

पुढच्या वर्षी संस्थेनं माझी बदली कोपरगावला केली. सर मला अखेरचे दिसले ते त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, श्रीरामपूरच्या आठवडी बाजारात. झब्ब्याला इस्त्री नव्हती, हातात पिशवीही नव्हती. एका भाजीवालीच्या पुढ्यात ते उकिडवे बसले होते आणि नव्यानं लग्न झालेल्या दोन मुलींना वांगं कसं पारखावं ते सांगत होते. देठ हिरवा हवा, हातात हलकं लागलं तर बिया कमी. मुलींनी ऐकून घेतलं, अर्धा किलो घेतली आणि गेल्या. सर तसेच बसून राहिले, हातात एक वांगं धरून. मी चार पावलांवर होते. हाक मारावीशी वाटली नाही.

भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. "बाबा, घ्यायचीत का वांगी?"

"नाही, घ्यायची नाहीत," सर म्हणाले. "मी खानावळीत जेवतो. मी नुसतं सांगत होतो."

"मंग सरा बाजूला," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."

सरांनी वांगं ढिगावर ठेवलं आणि बाजूला सरले.